चांगशाच्या तटावर

हडसन टेलर हे नाव आपल्या मंडळ्यांना नवे नाही. चिनी पोशाख करणारे व चिनी लोकांप्रमाणे वेणी राखणारे मिशनरी म्हणून रविवारच्या शाळेतील मुलेही त्यांना ओळखतात. त्यांच्या आयुष्यातील शेवटचे तीन दिवस मात्र फारसे सांगितले जात नाहीत. ज्या शहरात ते दिवस गेले, तेथे सुवार्ता पोहोचावी म्हणून त्यांनी पस्तीसहून अधिक वर्षे वाट पाहिली होती. ती हकीगत आम्ही येथे देत आहो.

टेलर यांचा जन्म २१ मे १८३२ रोजी इंग्लंडातील बार्न्सली गावी झाला. वडील औषधांचे दुकान चालवीत आणि मेथडिस्ट मंडळीत उपदेश करीत. घरात चीन देशाच्या गोष्टी नेहमी निघत. मूल जन्मण्यापूर्वीच आईबापांनी त्याला चीनच्या सेवेसाठी देवाला वाहिले होते. पण ही गोष्ट त्यांनी पुष्कळ वर्षे मुलाला कळू दिली नाही. लहानगा हडसन आपण होऊनच म्हणे, की मोठा झालो म्हणजे मी चीनला जाईन. त्याची प्रकृती इतकी नाजूक होती, की आईबापांनी ती आशा जवळजवळ सोडली. पुढे जून १८४९ मध्ये, सतराव्या वर्षी, घरातील एक धार्मिक पत्रिका सहज चाळताना त्याला तारणाचा अनुभव आला. त्याच वेळी परगावी गेलेली त्याची आई त्याच्यासाठी गुडघे टेकून प्रार्थना करीत होती. ते वर्ष सरण्यापूर्वी चीनचे पाचारण त्याच्या मनात पक्के झाले.

१ मार्च १८५४ रोजी, साडेपाच महिन्यांच्या समुद्रप्रवासानंतर, ते शांघायला उतरले. परंतु मिशनरी त्या काळी बहुतेक किनाऱ्यावरच होते. आतल्या अकरा प्रांतांत एकही प्रॉटेस्टंट मिशनरी नव्हता. २५ जून १८६५ रोजी ब्रायटनच्या समुद्रकिनारी टेलर यांनी चोवीस कामकरी देवाजवळ मागितले; प्रत्येक प्रांतासाठी दोन आणि मंगोलियासाठी दोन. मग त्यांनी दहा पौंड भरून चायना इनलँड मिशनच्या नावाने बँकेत खाते उघडले.

त्या अकरा प्रांतांपैकी एक हुनान, आणि हुनानची राजधानी चांगशा. परकीयांविषयी या प्रांताचे मन फार कडू होते, आणि त्याला कारणही होते. इंग्रज तोफांच्या जोरावर चीनमध्ये अफू आली होती. टेलर यांनी त्या व्यापाराला जन्मभर विरोध केला. पण लोकांना परकीय सारे सारखेच वाटत. चांगशात ख्रिस्ती धर्माविरुद्ध पत्रके छापली जात. टेलर यांचे सोबती हुनानात शिरत आणि हाकलले जात. अ‍ॅडम डॉरवर्ड हा स्कॉटिश तरुण आठ वर्षे तेथे गावोगाव हिंडला; राहायला स्थिर जागा मिळण्यापूर्वीच १८८८ मध्ये तो वारला. टेलर यांनीही आपली मुलगी ग्रेस आणि पत्नी मारिया यांना चीनच्याच मातीत ठेवले.

१९०० साली बॉक्सर बंडात या मिशनचे ५८ मिशनरी आणि २१ मुले मारली गेली. टेलर तेव्हा स्वित्झर्लंडात आजारी होते. एकामागून एक तारा येत होत्या. मिशनने मात्र प्राणांची किंवा मालमत्तेची भरपाई घेतली नाही. पुढच्याच वर्षी डॉ. फ्रँक केलर चांगशात राहू लागले. इतकी वर्षे बंद असलेले दार उघडले, तेव्हा टेलर हजारो मैल दूर होते.

१९०२ मध्ये त्यांनी मिशनचा कारभार दुसऱ्याच्या हाती सोपवला. १९०४ मध्ये दुसरी पत्नी जेनी वारली. तरीही १९०५ च्या वसंतात, मुलगा व सून यांना सोबत घेऊन, ते पुन्हा चीनला निघाले. हानकौहून आगबोटीने १ जून रोजी ते चांगशाला पोहोचले. वय ७३. दुसऱ्या दिवशी त्यांना शहराच्या तटावरील उंच इमारतीवर नेले. खाली घरांची छपरे, नदी आणि पलीकडे डोंगर दिसत होते. मग इस्पितळासाठी ठरलेली जागाही त्यांनी पाहिली. शनिवारी, ३ जूनला, ते चिनी बंधुभगिनींशी बोलले. दुपारी निरनिराळ्या मिशनांचे कामकरी त्यांना भेटायला जमले. त्याच संध्याकाळी, सून जवळ असताना, ते शांतपणे प्रभूकडे गेले. झेनज्यांग येथे मारियाच्या शेजारी त्यांना पुरण्यात आले.

मोशेने वचनदत्त देश डोंगरावरून पाहिला, पण त्यात त्याचे पाऊल पडले नाही. टेलर यांचे पाऊल पडले. मात्र ते तेथे पाहुणे म्हणून गेले. शहरात प्रथम राहिले दुसरे, इस्पितळ उभारणार होते दुसरे, आणि तेथील मंडळीला त्यांची ओळखही नवी होती. याचे त्यांना वाईट वाटल्याचे कोठे दिसत नाही. आपण ज्यासाठी प्रार्थना केली ते दुसऱ्याच्या हातून झालेले पाहून आनंद मानणे, हे आम्हाला त्यांच्या साऱ्या प्रवासांपेक्षा अवघड वाटते.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वर्गातले एखादे अशक्त मूल दूरच्या एखाद्या गावाचे नाव घेऊन मी तेथे जाईन म्हणाले, तर हसू नये. त्याच्या आईने ते आधीच देवाला सांगून ठेवले असेल.