गुणाकर भारतचंद्र : चरितार्थाच्या भाषा आणि काव्याची भाषा

अठराव्या शतकातील बंगालमध्ये सत्तेची केंद्रे अनेक होती. मुर्शिदाबादेस नवाब होता. त्याचा महसूल गोळा करून देणारे जमीनदार परगण्यापरगण्यांतून राजे म्हणवून घेत होते. हुगळी नदीच्या काठाने डच, फ्रेंच आणि इंग्रज व्यापाऱ्यांच्या कोठ्या उभ्या राहिल्या होत्या. मुर्शिद कुली खानाने महसुलाची व्यवस्था कठोर केल्यापासून मोठ्या जमीनदाऱ्या लहानांना गिळीत चालल्या होत्या, आणि भरणा थकला की बड्या जमीनदारालाही बंदिवास चुकत नसे. मध्ययुगीन बंगाली काव्यपरंपरेचा अखेरचा श्रेष्ठ कवी म्हणून ज्याचे नाव घेतात, त्या भारतचंद्र रायाचे आयुष्य ह्याच व्यवस्थेच्या पोटात गेले. तिचे चटके त्याने सोसले आणि तिच्याच आधाराने तो जगला.

भारतचंद्राचा जन्म 1712 च्या सुमारास भुरशुट परगण्यातील पेंडो ह्या गावी झाला. वडील नरेंद्रनारायण राय तेथील जमीनदार होते. शेजारचे वर्धमानचे राजघराणे तेव्हा विस्तार पावत होते. कीर्तिचंद्र राजाच्या अमदानीत त्या घराण्याशी वितुष्ट आले आणि नरेंद्रनारायणांची जमीनदारी बळाने हिरावली गेली. चार भावांत धाकटा असलेला भारतचंद्र बालपणीच मामाच्या आश्रयास गेला. जवळच्या ताजपूर गावी त्याने संस्कृत व्याकरण आणि कोश ह्यांचे अध्ययन केले आणि चौदाव्या वर्षी त्याचा विवाह झाला. तो घरी परतला तेव्हा त्याच्या विद्येचे कौतुक झाले नाही. नवाबी अमलात पोटाला लागणारी विद्या म्हणजे फारसी. कचेरीचे कागद, अर्ज, हिशेब, वकिली सारे तिच्यातच चाले. संस्कृत शिकून आलेल्या धाकट्या भावाला वडील भावांनी दूषणे दिली, आणि त्या बोलांनी व्यथित होऊन त्याने पुन्हा घर सोडले.

हुगळीजवळच्या देवानंदपुरात रामचंद्र मुनशी ह्यांच्या घरी राहून तो फारसी शिकला. ह्याच घरी, 1737 च्या सुमारास, त्याने सत्यनारायणाची पांचाली रचली. ती त्याची उपलब्ध असलेली पहिली रचना होय. महाराष्ट्रातील घरोघरी पूजिला जाणारा सत्यनारायण बंगालमध्ये सत्यपीर ह्या नावानेही ओळखला जातो. हिंदूंचा देव आणि मुसलमानांचा पीर ह्यांचे ते एकरूप दैवत आहे. मुनशीच्या घरी फारसी शिकणाऱ्या ब्राह्मण तरुणाने आपल्या कवित्वाचा आरंभ ह्या दैवताच्या कथेने करावा, हे त्या काळाच्या बंगालला साजेसेच होते.

फारसी आल्यावर घरच्यांनी त्याला मुखत्यार म्हणून वर्धमानला पाठविले. गमावलेल्या जमिनीपैकी काही वडिलांनी त्याच दरबाराकडून इजाऱ्याने घेतली होती. ज्यांनी वडिलांचे वतन बुडविले, त्यांच्याच कचेरीत आर्जवे करण्याचे काम मुलाच्या वाट्याला आले. भरणा थकला, इजारा गेला आणि भारतचंद्राला कैद झाली. पहारेकऱ्यांची मनधरणी करून तो निसटला आणि ओडिशात पोहोचला. जगन्नाथपुरीत त्याने वैष्णव वैराग्याचा वेश घेतला. त्याचे पहिले विस्तृत चरित्र 1855 मध्ये ईश्वरचंद्र गुप्तांनी लिहिले. त्यात पुरीच्या ह्या वास्तव्यास शिवभट्ट नावाच्या मराठा सुभेदाराचे साहाय्य झाल्याचे सांगितले आहे. परंतु ओडिशाचा वसूल मराठ्यांकडे आला तो 1751 च्या तहाने, तेव्हा हा तपशील कालक्रमात बसत नाही. वृंदावनास निघालेल्या ह्या वैराग्याला वाटेत खानाकुल कृष्णनगर येथे सासरच्या नातलगांनी ओळखले आणि समजूत घालून संसारात परत आणले.

आता त्याला आश्रय हवा होता. तो शोधीत तो फरासडांग्यास, म्हणजे फ्रेंचांच्या चंदननगरास गेला. 1731 ते 1741 ह्या दशकात द्यूप्लेक्सच्या कारभाराखाली ही वसाहत भरभराटीस आली होती. फ्रेंच कंपनीचे दिवाण इंद्रनारायण चौधरी हे तेथील मोठे धनिक. नदियाचा राजा कृष्णचंद्र ह्याचा त्यांच्याशी संबंध होता. इंद्रनारायणांनी भारतचंद्राची शिफारस केली आणि राजाने त्याला दरमहा 40 रुपये वेतनावर आपल्या सभेत घेतले. संस्कृत पाठशाळा, मुनशीचे घर, वर्धमानचा तुरुंग, पुरीचा मठ आणि फ्रेंच दिवाणाची देवडी एवढा फेरा करून हा कवी कृष्णनगरच्या राजसभेत स्थिरावला. ‘गुणाकर’ ही पदवी त्याला राजानेच दिली.

राजाच्या आज्ञेवरून त्याने रचलेले अन्नदामंगल 1752 मध्ये पूर्ण झाले. त्याचे तीन खंड आहेत. पहिल्यात शिव आणि अन्नपूर्णा ह्यांची कथा, दुसऱ्यात विद्या आणि सुंदर ह्यांची प्रणयकथा, आणि तिसऱ्यात मानसिंह व कृष्णचंद्राचा पूर्वज भवानंद मजुमदार ह्यांचा वृत्तान्त येतो. आश्रयदात्याच्या कुळाचा गौरव हा काव्याचा उघड हेतू आहे. तरी कवीने आपले जुने हिशेब विसरले नाहीत. विद्येचे चोरटे प्रेम आणि अंतःपुरापर्यंत खणलेले भुयार ही सारी कथा त्याने वर्धमानच्या राजवाड्यात घडविली आहे. आपल्या घराची वाताहत करणाऱ्या दरबारावर त्याने उगवलेला हा सूड, असे अनेक समीक्षकांनी म्हटले आहे.

काव्याच्या प्रास्ताविकात समकालीन इतिहास येतो आणि तो मराठी वाचकाला विशेष विचारात पाडतो. 1742 पासून नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करपंत कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालवर चालून गेल्या. बारगीर ह्या शब्दापासून झालेला ‘बर्गी’ हा शब्द बंगाली अंगाईगीतांत भयाचा उच्चार होऊन राहिला आहे. भारतचंद्राने ह्या स्वारीचे कारण देवलोकात शोधले. नवाब अलिवर्दी खानाच्या सैन्याने भुवनेश्वरी उपद्रव केला, त्यामुळे नंदी कोपला, आणि शिवाने साताऱ्याच्या आपल्या भक्ताकरवी नवाबाला शासन घडविले, अशी ती कथा आहे. परंतु बर्गींनी गावे लुटली, लोकांना देशोधडीस लावले, हेही तो लपवीत नाही. मराठा येथे ईश्वरी कोपाचे साधन आहे, तारणहार नव्हे. त्यानंतर नवाबाने कृष्णचंद्राकडे 12 लाखांचा नजराणा मागितला, तो देता न आल्याने राजा कैदेत पडला, आणि त्या संकटात देवीने स्वप्नात येऊन पूजेची आज्ञा केली, असा काव्याचा उगम कवी सांगतो. 1751 च्या तहात मराठ्यांना द्यावयाची वार्षिक चौथाईही 12 लाखच ठरली होती. जो तो वरच्याला देण्यासाठी खालच्याला पिळीत होता, आणि ती साखळी अखेर शेतकऱ्याच्या दाराशी पोहोचत होती.

अशा काळात त्याने आराध्य म्हणून अन्न देणारी देवी निवडली, हे अर्थपूर्ण आहे. देवीला नदीपार नेणाऱ्या ईश्वरी पाटनी ह्या नावाड्याला ती वर मागण्यास सांगते, तेव्हा तो राज्य किंवा मोक्ष मागत नाही. लेकरांना दूधभात मिळावा, एवढेच त्याचे मागणे आहे. राजाच्या आज्ञेने लिहिलेल्या काव्यातील हा नावाडी बंगाली जनांच्या स्मरणात राजापेक्षा अधिक टिकला.

तिसऱ्या खंडात जहांगीर बादशहा आणि भवानंद ह्यांचा संवाद आहे. तेथे शुद्ध संस्कृतप्रचुर बंगाली योजिली तर ती खोटी वाटेल, आणि निव्वळ फारसी किंवा हिंदुस्थानी योजिली तर श्रोत्यांना समजणार नाही, हे कवीने ओळखले. म्हणून त्याने यावनी शब्दांची मिश्र भाषा पत्करली आणि रसासाठी ती पत्करीत असल्याचे स्पष्ट सांगितले. समकालीन मराठी बखरींतही फारसी शब्द विपुल आहेत, पण तेथे ते कारभाराच्या सवयीने आले आहेत. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने तर त्यांना संस्कृत पर्याय योजिले. भारतचंद्राने वर्ज्य कोणालाच केले नाही. कोणत्या पात्राच्या तोंडी कोणता शब्द शोभेल, एवढाच त्याचा प्रश्न होता. भावांच्या दूषणांपायी, पोटासाठी शिकलेली फारसी अशा रीतीने त्याच्या काव्याचे अंग झाली. भानुदत्ताच्या संस्कृत रसमंजरीचे त्याने बंगाली रूपांतरही केले.

राजाने त्याला गंगातीरावरील मूलाजोड गाव इजाऱ्याने दिले. तेथेही वर्धमानने त्याची पाठ सोडली नाही. बर्गींच्या भयाने वर्धमानच्या राजमाता जवळच्या काउगाछी येथे येऊन राहिल्या आणि मूलाजोड त्यांच्या रामदेव नाग नावाच्या कारभाऱ्याच्या नावे गेले. नागाच्या जाचाने त्रस्त झालेल्या कवीने नागाष्टक रचून राजाकडे दाद मागितली. कारभाऱ्याच्या आडनावावर श्लेष करणारे हे अष्टक त्याने संस्कृतात लिहिले. जी विद्या निरुपयोगी म्हणून त्याला घर सोडावे लागले, तिचाच उपयोग त्याने येथे तक्रारअर्जासाठी केला.

1757 च्या मार्च महिन्यात इंग्रजांनी चंदननगर घेतले आणि जूनमध्ये पलाशीची लढाई झाली. 1760 मध्ये, वयाच्या 48 व्या वर्षी, मूलाजोड येथे भारतचंद्राचा अंत झाला. चंडीवरील त्याचे बहुभाषी नाटक अपुरेच राहिले. नवे राज्यकर्ते बंगाली शिकू लागले, तेव्हा हॅल्हेडने 1778 च्या आपल्या व्याकरणात ह्याच कवीच्या रचनांतून उदाहरणे घेतली. 1816 मध्ये गंगाकिशोर भट्टाचार्यांनी छापलेले अन्नदामंगल हे पहिले सचित्र बंगाली पुस्तक मानले जाते. 1847 मध्ये विद्यासागरांनी कृष्णनगरच्या राजवाड्यातील पोथीवरून ते पुन्हा छापले आणि फोर्ट विल्यम कॉलेजने त्याच्या 100 प्रती 600 रुपयांना विकत घेतल्या. एकोणिसाव्या शतकातील सुधारकी अभिरुचीने विद्यासुंदराच्या शृंगाराला नाके मुरडली आणि कवीला दरबारी ठरविले. दरबारी तो होताच. पण ज्या दरबारांनी त्याला राबविले, कोंडले आणि पोसले, त्या साऱ्यांच्या भाषा त्याने आपल्या बंगालीत मुरविल्या, आणि तिच्याच बळावर एका गरीब नावाड्याला आपल्या काव्यात राजाहून मोठे स्थान दिले.