बोटीला लावायचं रसायन त्यानं गिटारला लावलं, आणि बास गिटारचा आवाज कायमचा बदलला

साल १९८६. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातलं वॉशिंग्टन स्क्वेअर पार्क. तिथल्या एका बाकड्यावरून एक जुनी बास गिटार चोरीला गेली.

दिसायला ती गिटार काही खास नव्हती. रंग उडालेला, लाकूड उघडं पडलेलं. नुकतीच तिचे तुकडे तुकडे झाले होते आणि कारागिरांनी ती पुन्हा जोडून दिली होती. तिचा मालकही त्या वेळी तसाच दिसायचा. त्याला राहायला धड घर नव्हतं. पार्कमध्ये बसलेला हा माणूस दहा वर्षांपूर्वी जगातला सगळ्यात भारी बास वादक मानला जात होता, हे शेजारून जाणाऱ्या बहुतेकांना माहीतही नसेल.

त्याचं नाव जाको पास्टोरियस. आणि त्या गिटारचं नाव बास ऑफ डूम. होय, गिटारलासुद्धा नाव होतं.

आता आधी एक गोष्ट समजून घेऊ, म्हणजे पुढचा विषय नीट कळेल. बास गिटार म्हणजे काय?

साध्या गिटारला सहा तारा असतात, बासला साधारण चार. तारा जाड, आवाज खर्जातला. गाणं ऐकताना बासकडे आपलं लक्ष जात नाही, पण ती काढून टाकली की गाणं पोकळ वाटायला लागतं. पूर्वी हे काम डबल बास करायचा, म्हणजे माणसाच्या उंचीपेक्षा मोठं असणारं व्हायोलिनसारखं धूड. ते गाडीत मावायचं नाही आणि ड्रमच्या आवाजात ऐकूही यायचं नाही. कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर नावाच्या माणसानं यावर १९५१ मध्ये उपाय काढला. त्यानं गळ्यात अडकवायची इलेक्ट्रिक बास बाजारात आणली. गंमत म्हणजे लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. हा गडी मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा.

फेंडरच्या त्या बासच्या दांडीवर सतारीसारखे पडदे होते, फक्त घट्ट ठोकलेले. पडदे असले की बोट थोडं इकडे तिकडे पडलं तरी सूर बरोबर येतो. पडदे नसले की सगळी जबाबदारी बोटावर आणि कानावर. सतार आणि सरोद यांच्यात जो फरक आहे, तोच इथे. सरोदला पडदे नाहीत, म्हणून त्यावर मींड कशी पाण्यासारखी वाहते. हे लक्षात ठेवा.

ज्या वर्षी फेंडरची पहिली बास आली, त्याच वर्षी, १ डिसेंबर १९५१ ला, पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिसटाउनमध्ये जॉन फ्रान्सिस अँथनी पास्टोरियस तिसरा याचा जन्म झाला. वडील जॅक हे ड्रमर आणि गायक, क्लबांमधून कार्यक्रम करणारे. जाको लहान असतानाच कुटुंब फ्लोरिडात, फोर्ट लॉडरडेलजवळच्या ओकलंड पार्कला आलं. समुद्र, ऊन, बोटी आणि दमट हवा. या दमट हवेचा पुढे गोष्टीत मोठा हात आहे.

पोरगा चर्चमध्ये सेवा करायचा, खेळात पुढे असायचा आणि बापासारखे ड्रम वाजवायचा. तेराव्या वर्षी फुटबॉल खेळताना मनगट दुखावलं. ड्रमला लागणारा जोर त्या हातात पूर्वीसारखा राहिला नाही. तो ज्या बँडमध्ये होता तिथला बास वादक सोडून गेला, आणि जाकोनं ती जागा घेतली.

जॅझचं वेड लागल्यावर त्यानं पैसे साठवून खराखुरा डबल बास घेतला. पण फ्लोरिडाच्या दमट हवेत त्या लाकडाचा निभाव लागेना. एके दिवशी सकाळी उठून बघतो तर डबल बास तडकलेला! वैतागून त्यानं तो देऊन टाकला आणि बदल्यात फेंडरची इलेक्ट्रिक जॅझ बास घेतली. आवाज मात्र त्याला डबल बाससारखा गाणारा, घसरत जाणारा हवा होता.

मग त्याच्या हाती आली १९६२ सालची फेंडर जॅझ बास. तेव्हा तो होता एकवीस वर्षांचा.

आज जुन्या वाद्यांचे शौकीन १९६५ पूर्वीच्या फेंडरवर जीव ओवाळून टाकतात, त्याला कारण आहे. १९६५ मध्ये लिओ फेंडरनं आपली कंपनी सीबीएस या बड्या कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. त्याआधीचा माल वेगळा, अशी ख्याती झाली. आमचं मत विचाराल तर यात थोडी हवाही आहे. जुनं ते सगळंच सोनं नसतं. पण जाकोनं ही गिटार घेतली तेव्हा ती दहा वर्षं जुनी, वापरलेली वस्तू होती. कुणी तिला काचेच्या कपाटात ठेवत नव्हतं.

या गिटारच्या दांडीवरचे पडदे काढून टाकलेले होते. कुणी काढले? जाकोनं कधी सांगितलं की आपणच बटर लावायच्या सुरीनं उपटले, तर कधी सांगितलं की गिटार हाती आली तीच तशी. जाकोच्या गोष्टींमध्ये हे नेहमीचं आहे. तिखटमीठ त्यानंच लावायचं आणि शोधत आपण बसायचं.

पडदे गेले, पण नवी अडचण आली. जाको ज्या तारा वापरायचा त्यांच्यावर बाहेरून गोल तारेचे वेढे असतात. अशी तार उघड्या लाकडावर घासली की कानस चालवल्यासारखं लाकूड झिजतं. काही महिन्यांत दांडीला खाचा पडल्या असत्या.

यावरचा उपाय त्याला घराजवळच मिळाला. फोर्ट लॉडरडेल म्हणजे बोटींचं गाव. बोटीच्या लाकडाला खारं पाणी लागू नये म्हणून जे इपॉक्सी लावतात, तेच त्यानं गिटारच्या दांडीवर चढवलं. वाळल्यावर काचेसारखा कडक थर तयार झाला. लाकूड वाचलं, आणि वर एक बक्षीस मिळालं. कडक पृष्ठभागामुळे सूर लवकर विझेना. तो लांबत राहायचा आणि गळ्यातून निघाल्यासारखा वळायचा. त्यात जाको उजवा हात पुलाच्या जवळ, म्हणजे जिथे तारा ताठ असतात तिथे ठेवून वाजवायचा. आवाज टोकदार, स्पष्ट. बास मागून पुढे आली.

अर्थात, रसायनानं कुणी जाको होत नाही. नाहीतर बोटी दुरुस्त करणारे सगळेच कलाकार झाले असते. त्या आधी तो वेन कॉक्रन या सोल गायकाच्या बँडबरोबर गावोगाव फिरला होता, रोज रात्री तासन् तास वाजवत होता. लग्न लवकर झालेलं, पोरं झालेली, पैशाची ओढाताण होती. त्यात मियामी विद्यापीठात शिकवलंही, आणि तिथेच पॅट मेथेनी हा तरुण गिटार वादक त्याचा दोस्त झाला.

१९७५ मध्ये ब्लड स्वेट अँड टिअर्स या गाजलेल्या बँडचा ड्रमर बॉबी कोलंबी फोर्ट लॉडरडेलला आला होता. तिथे त्याची गाठ जाकोच्या बायकोशी, ट्रेसीशी पडली. आपला नवरा जगातला सगळ्यात चांगला बास वादक आहे, असं तिनं त्याला सांगितलं. नवऱ्याबद्दल कोण असं म्हणत नाही? पण कोलंबीनं जाकोला ऐकलं आणि त्याला थेट रेकॉर्डचा करार मिळवून दिला.

१९७६ मध्ये ‘जाको पास्टोरियस’ नावाचा अल्बम आला. पहिलंच गाणं ‘डोना ली’. ही बीबॉपच्या काळातली, सॅक्सोफोनवर वाजवताना भल्याभल्यांची दमछाक करणारी धून. जाकोनं ती बासवर वाजवली. साथीला फक्त डॉन अलायसचा काँगा. बास वादकांनी हे ऐकलं आणि अनेकांना आपली साधना पहिल्यापासून सुरू करावी असं वाटलं.

त्याच अल्बममध्ये ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’ आहे, बायकोसाठी रचलेलं. तार दाबायची नाही, ठराविक जागी नुसतं बोट टेकवायचं, की घंटीसारखा पातळ सूर निघतो. ही युक्ती वादकांना माहीत होतीच. पण जवळजवळ अख्खी रचना त्यावर उभी करायची, आणि तीही खर्जाच्या वाद्यावर, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. हेडफोन लावून एकदा ऐकाच.

त्या काळी वेदर रिपोर्ट हा जॅझ-फ्यूजनमधला दादा बँड होता. त्याचा प्रमुख जो झाविनुल मियामीला कार्यक्रमाला आला तेव्हा जाको त्याला जाऊन भेटला आणि सांगितलं की आपण जगातले सर्वश्रेष्ठ बास वादक आहोत. झाविनुलनं त्याला हाकललं. जाको हटला नाही. मागे लागून त्यानं आपल्या वाजवण्याची टेप पाठवली. असं सांगतात की टेप ऐकून झाविनुलला तो डबल बासच वाटला होता. ही इलेक्ट्रिक आहे यावर त्याचा विश्वास बसेना. फ्लोरिडात तडकलेल्या त्या डबल बासचा हिशोब इथे पूर्ण झाला.

१९७६ मध्ये जाको वेदर रिपोर्टमध्ये आला आणि १९७७ मध्ये ‘हेवी वेदर’ निघाला. त्यातलं ‘बर्डलँड’ जगभर वाजलं. त्याच्या सुरुवातीला जी उंच पट्टीतली धून येते, ती अनेकांना साधी गिटार वाटते. ती जाकोची बास आहे. ‘टीन टाउन’ तर त्याची स्वतःची रचना, आणि त्यात ड्रमही त्यानंच वाजवलेत. मनगट दुखावलेला तोच पोरगा! शिवाय जोनी मिचेलच्या ‘हेजिरा’ अल्बममध्ये तिच्या आवाजाशेजारी त्याची बास दुसऱ्या गायिकेसारखी चालते.

हे सगळं अवघ्या दोन वर्षांत झालं.

आधी दारू आणि नशेपासून लांब राहणारा जाको या काळात त्यात ओढला गेला. पण सगळं नशेवर ढकलणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. दोन-दोन दिवस न झोपणं, अफाट उत्साह, आणि मग विचित्र वागणं. लोक याला कलाकाराचा लहरीपणा समजत राहिले. बरेच जण हसलेही. १९८२ मध्ये तो वेदर रिपोर्टमधून बाहेर पडला आणि स्वतःचा मोठा बँड घेऊन जपानला गेला. तिथे त्यानं डोकं भादरलं, तोंडाला काळं फासलं आणि बास गिटार हिरोशिमाच्या खाडीत फेकून दिली. त्यानंतर निदान झालं, बायपोलर डिसऑर्डर. मन एकदा आभाळाला टेकतं आणि एकदा तळाला जातं, असा आजार. लिथियमची औषधं सुरू झाली, पण औषधांच्या परिणामांमुळे तो ती टिकून घेत नसे.

मग उतरण. रेकॉर्ड कंपनीचा करार गेला. दुसरं लग्नही मोडलं. क्लबवाले त्याला उभं करेनात. ज्या गिटारवर त्यानं हे सगळं केलं होतं, तिचेही तुकडे झाले. केविन कॉफमन या कारागिरानं ती मेहनतीनं जोडली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ती त्या बाकड्यावरून गेली. १९८६ च्या जुलैमध्ये घरच्यांनी त्याला न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात दाखल केलं. वर्षाअखेरीला तो फ्लोरिडाला परतला आणि पुन्हा रस्त्यावर आला.

११ सप्टेंबर १९८७. जवळच सनराइझला सँटानाचा कार्यक्रम होता. जाको परवानगी न घेता स्टेजवर घुसला आणि त्याला बाहेर काढण्यात आलं. तिथून तो विल्टन मॅनर्स या भागातल्या एका क्लबकडे गेला. आत सोडलं नाही म्हणून त्यानं काचेच्या दाराला लाथ मारली असं सांगतात. दारावरच्या माणसाला मार्शल आर्ट येत होतं. त्यानं केलेल्या मारहाणीत जाकोच्या चेहऱ्याची हाडं मोडली, उजव्या डोळ्याला आणि डाव्या हाताला इजा झाली. डावा हात, म्हणजे दांडीवर सूर शोधणारा हात. तो कोमात गेला, मग मेंदूत रक्तस्राव झाला. घरच्यांनी यंत्रणा काढायचा निर्णय घेतला आणि २१ सप्टेंबर १९८७ ला जाको गेला. वय ३५.

मारणाऱ्याला २२ महिन्यांची शिक्षा झाली. त्यातले त्यानं चार महिने भोगले.

पुढच्याच वर्षी ‘डाउनबीट’ या जॅझच्या मासिकानं जाकोला आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. ओकलंड पार्कमध्ये २००८ साली, त्याच्या वाढदिवशी, त्याच्या नावाची बाग सुरू झाली.

आणि गिटार? तब्बल वीस वर्षं तिचा पत्ता नव्हता. २००६ मध्ये ती एका संग्राहकाकडे असल्याचं उघड झालं. आता मालकी कुणाची? जाकोचं कुटुंब म्हणणार ती चोरीची आहे, ज्याच्याकडे आहे तो म्हणणार आपण पैसे मोजलेत. वकील आले, वाद लांबला. शेवटी २०१० मध्ये मेटॅलिका या बँडचा बास वादक रॉबर्ट ट्रुहिओ मध्ये पडला. त्यानं स्वतःचे पैसे घालून गिटार सोडवली आणि जाकोच्या घरच्यांना शब्द दिला, की तुम्हाला हवी तेव्हा ती मी मोजले तेवढ्याच पैशात घेऊन जा, वर एक डॉलरही नको.