अर्ना फिलिप्स

अर्ना फिलिप्स (जन्म : शिकागो, १ जुलै १९०१, मृत्यू : शिकागो, डिसेंबर १९७३) या अमेरिकन नभोवाणी व दूरचित्रवाणी लेखिका होत्या. दुपारच्या वेळी रोज प्रसारित होणाऱ्या कौटुंबिक मालिकांच्या, म्हणजे ‘सोप ऑपेरा’ या प्रकाराच्या, त्या जननी मानल्या जातात. साबण बनविणाऱ्या कंपन्या या मालिकांच्या प्रायोजक असत, म्हणून हे नाव रूढ झाले. ‘द गायडिंग लाइट’, ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ आणि ‘अनदर वर्ल्ड’ या त्यांच्या प्रमुख मालिका होत. घटनांपेक्षा पात्रांना महत्त्व देणारे लेखन हे त्यांचे वैशिष्ट्य होय. लेखक, प्रायोजक, कलाकार आणि प्रेक्षक यांपैकी पात्रावर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभापासून अखेरपर्यंत त्यांच्यासमोर उभा राहिला.

बालपण आणि शिक्षण

अर्ना फिलिप्स यांचा जन्म शिकागोतील एका जर्मन-ज्यू कुटुंबात झाला. दहा भावंडांत त्या सर्वांत धाकट्या होत्या. त्या आठ वर्षांच्या असताना वडिलांचे निधन झाले आणि कुटुंबाचा भार आईवर पडला. कष्टाळू, धीराची आणि मुलांना एकत्र बांधून ठेवणारी ही आई पुढे त्यांच्या अनेक कथांच्या केंद्रस्थानी आली.

इलिनॉय विद्यापीठातून १९२३ साली त्यांनी शिक्षणशास्त्राची पदवी घेतली. अभिनेत्री होण्याची त्यांची इच्छा होती; परंतु अभिनयाचे गुण असले तरी रंगभूमीला साजेसे रूप नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्यामुळे त्यांनी अध्यापनाचा मार्ग धरला. ओहायो राज्यातील डेटन येथे त्यांनी काही वर्षे शिक्षिका म्हणून काम केले.

ऐन तारुण्यात त्यांच्यावर एक मोठा आघात झाला. विवाहाविना आलेल्या मातृत्वात जोडीदाराने त्यांची साथ सोडली आणि मूल मृत जन्मले. त्यांनी पुढे विवाह केला नाही. चाळिशीच्या सुमारास एक मुलगा व एक मुलगी दत्तक घेऊन त्यांचे एकटीने संगोपन केले. घरसंसाराच्या कथा आयुष्यभर लिहिणारी ही लेखिका रूढ अर्थाने कधीच संसारी नव्हती.

नभोवाणीवरील आरंभ

१९३० साली फिलिप्स शिकागोच्या डब्ल्यूजीएन या नभोवाणी केंद्रावर काम करू लागल्या. तेथे त्यांनी ‘पेंटेड ड्रीम्स’ ही रोजची मालिका लिहिली. तिचा आरंभ २० ऑक्टोबर १९३० रोजी झाला. एक विधवा आयरिश-अमेरिकन आई, तिची वयात आलेली मुलगी आणि घरातील भाडेकरू एवढ्यांभोवती कथा फिरत असे. आईची भूमिका स्वतः फिलिप्स करीत. अनेक अभ्यासक हिला स्त्रीश्रोत्यांसाठी रचलेली पहिली दैनंदिन मालिका मानतात.

मालिका लोकप्रिय होताच ती राष्ट्रीय जाळ्यावर नेण्याचा प्रस्ताव फिलिप्स यांनी मांडला. केंद्राने नकार दिला. आपण निर्माण केलेली पात्रे आपलीच, अशी भूमिका घेऊन १९३२ साली त्यांनी केंद्र सोडले आणि न्यायालयात धाव घेतली. खटला अनेक वर्षे चालला. मालिका केंद्राच्या नोकरीत असताना लिहिलेली असल्याने तिच्यावर केंद्राचाच हक्क आहे, असा निकाल लागला व फिलिप्स हरल्या.

दरम्यान त्यांनी ‘टुडेज चिल्ड्रन’ ही नवी मालिका सुरू केली होती. तिच्यातील मदर मोरन ही आई आधीच्या मालिकेतील आईचेच दुसरे रूप होते. मात्र या वेळी मालिकेची मालकी त्यांनी स्वतःकडे ठेवली. पिठाच्या व्यवसायातील पिल्सबरी कंपनी तिची प्रायोजक झाली आणि एनबीसीच्या जाळ्यावरून ती देशभर पोहोचली. मदर मोरन हे पात्र त्यांनी आपल्या आईवरून बेतले होते. १९३८ साली आईचे निधन झाले, तेव्हा मालिका भरभराटीत असूनही त्यांनी ती थांबविली. तिच्या जागी ‘वुमन इन व्हाइट’ ही परिचारिकेच्या जीवनावरील मालिका आली.

‘द गायडिंग लाइट’

२५ जानेवारी १९३७ रोजी एनबीसी नभोवाणीवर ‘द गायडिंग लाइट’ (मार्गदर्शक प्रकाश) सुरू झाली. शिकागोजवळच्या एका काल्पनिक वस्तीतील धर्मोपदेशक जॉन रुथलेज हा तिचा नायक होता. वाट चुकलेल्या कोणालाही आधार मिळावा म्हणून त्याच्या खिडकीत दिवा तेवत ठेवलेला असे. त्यावरूनच मालिकेला नाव मिळाले. वेगवेगळ्या देशांतून आलेल्या स्थलांतरितांची ही वस्ती होती.

१९४१ साली मालिका बंद करण्यात आली, तेव्हा श्रोत्यांच्या पत्रांचा इतका पाऊस पडला की पुढच्याच वर्षी ती पुन्हा सुरू करावी लागली. १९४८ मध्ये बाउअर हे जर्मन-अमेरिकन कुटुंब कथेत आले आणि पुढील कित्येक दशके तेच मालिकेचा कणा राहिले. १९५० साली मेटा बाउअर या पात्राने आपल्या मुलाच्या मृत्यूला कारणीभूत ठरलेल्या पतीची हत्या केल्याचा प्रसंग आला. तिला दोषी ठरवावे की नाही, याविषयी श्रोत्यांचा कौल मागविण्यात आला. श्रोत्यांनी तिच्या बाजूने कौल दिला आणि कथेत तिची सुटका झाली.

लेखनपद्धती

१९४० च्या दशकाच्या आरंभी फिलिप्स यांच्या एकाच वेळी अनेक मालिका चालू होत्या आणि नभोवाणी क्षेत्रातील सर्वाधिक मिळकत असणाऱ्या लेखकांत त्यांची गणना होत असे. त्या स्वतः टंकलेखन करीत नसत. खोलीत येरझाऱ्या घालत, प्रत्येक पात्राचा आवाज बदलून त्या संवाद बोलत आणि लेखनिक ते टिपून घेई. अभिनयाची अपुरी राहिलेली हौस अशा रीतीने रोज पुरी होत असे. कथेचा पुढील कित्येक महिन्यांचा आराखडा आधीच तयार असे.

आधुनिक मालिकांचे अनेक संकेत त्यांनी रूढ केले. दोन प्रसंगांना जोडणारे ऑर्गनचे सूर, उत्कंठेच्या क्षणी थांबणारा भाग आणि डॉक्टर, परिचारिका, वकील, धर्मोपदेशक अशा व्यावसायिकांना मध्यवर्ती स्थान देणे, हे त्यांपैकी काही होत. कथेची संथ गती ही मात्र त्यांची खास ओळख होती. घरकाम करता करता ऐकणाऱ्या स्त्रीला पात्रे शेजाऱ्यांसारखी वाटली पाहिजेत आणि शेजाऱ्यांच्या आयुष्यात रोज उत्पात घडत नाहीत, ही त्यामागील दृष्टी होती.

दूरचित्रवाणी

३१ जानेवारी १९४९ रोजी एनबीसीवर त्यांची ‘दीज आर माय चिल्ड्रन’ ही मालिका शिकागोहून प्रसारित होऊ लागली. राष्ट्रीय दूरचित्रवाणीवरील दुपारची पहिली दैनंदिन मालिका म्हणून तिचा उल्लेख केला जातो. पण ती जेमतेम महिनाभर टिकली. ३० जून १९५२ पासून ‘द गायडिंग लाइट’ सीबीएसच्या पडद्यावर आली. नभोवाणीवरील मालिकाही १९५६ पर्यंत चालू राहिली. एकच कथा तेच कलाकार दोन्ही माध्यमांसाठी सादर करीत. चरिटा बाउअर या अभिनेत्रीने बर्ट बाउअर ही भूमिका १९५० मध्ये नभोवाणीवर सुरू केली आणि १९८० च्या दशकापर्यंत ती पडद्यावर निभावली. अभिनेत्रीचे आडनाव आणि पात्राचे आडनाव एकच असणे हा निव्वळ योगायोग होता.

‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ : पात्रे आणि पात्रनिवड

२ एप्रिल १९५६ रोजी सीबीएसवर सुरू झालेली ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ ही फिलिप्स यांची सर्वांत महत्त्वाची निर्मिती होय. तोपर्यंत दुपारच्या मालिका पंधरा मिनिटांच्या असत. ही अर्ध्या तासाची होती. ओकडेल या काल्पनिक गावातील ह्यूज आणि लॉवेल ही दोन कुटुंबे तिच्या केंद्रस्थानी होती. मिळालेला जादा वेळ फिलिप्स यांनी अधिक घटनांसाठी वापरला नाही; पात्रांच्या बोलण्यासाठी आणि मूकपणासाठी वापरला. स्वयंपाकघरातील मेज आणि कॉफीचा पेला हीच या मालिकेची रंगभूमी होती.

पहिल्या भागाचा आरंभ नॅन्सी ह्यूज ही गृहिणी पतीला सुप्रभात म्हणते, या साध्या प्रसंगाने झाला. ही भूमिका हेलन वॅग्नर यांनी केली. त्यांची कॉफी ओतण्याची पद्धत न आवडल्यामुळे फिलिप्स यांनी सुरुवातीच्या काही महिन्यांतच त्यांना काढून टाकले आणि नंतर परत बोलाविले, हा किस्सा दूरचित्रवाणीच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. पुढे मधले काही खंड वगळता वॅग्नर यांनी ती भूमिका २०१० पर्यंत केली. एकच भूमिका सर्वाधिक काळ करण्याचा विक्रम त्यांच्या नावे नोंदला गेला.

मालिकेचे चित्रण न्यू यॉर्कमध्ये होत असे, तर फिलिप्स शिकागोत राहत. रोजचा भाग त्या घरी पाहत आणि काही खटकले की लगेच दूरध्वनी करीत. कलाकारापेक्षा पात्र मोठे, ही त्यांची धारणा होती. पण प्रत्यक्षात ती नेहमी टिकली नाही. लिसा मिलर ही लहानशी भूमिका १९६० मध्ये आयलीन फुल्टन यांच्याकडे आली. साध्या मुलीच्या या पात्रात त्यांनी मतलबीपणाची छटा आणली आणि लिसा मालिकेतील अत्यंत गाजलेले पात्र ठरली. १९६५ मध्ये लिसाला घेऊन ‘अवर प्रायव्हेट वर्ल्ड’ ही रात्रीची स्वतंत्र मालिकाही काढण्यात आली.

कथेवर प्रायोजकाचे नियंत्रण होते. एडिथ ह्यूज (‘सिटिझन केन’ चित्रपटातील अभिनेत्री रूथ वॉरिक) आणि विवाहित जिम लॉवेल यांच्या प्रेमाची परिणती विवाहात व्हावी, अशी फिलिप्स यांची योजना होती. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला ते मान्य नव्हते. अखेर जिमचा अपघाती मृत्यू दाखविण्यात आला. १९६२ मध्ये अभिनेते मार्क राइडेल यांनी मालिका सोडण्याचे ठरविले, तेव्हा त्यांच्या जेफ बेकर या पात्राचा मोटार अपघातात अंत झाला. पेनी (रोझमेरी प्रिन्झ) आणि जेफ ही जोडी प्रेक्षकांची लाडकी होती. घरचे माणूस गेल्यासारखी शोकाची लाट त्या वेळी उसळली.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी नॅन्सी आणि आजोबा यांच्यातील प्रसंग थेट प्रसारित होत असताना तो मध्येच तोडून वॉल्टर क्रॉन्काइट यांनी अध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळीबार झाल्याची वार्ता दिली. आतील कलाकारांना याची कल्पना नव्हती; ते आपले काम करीत राहिले. १९५८ पासून सुमारे वीस वर्षे ही मालिका दुपारच्या मालिकांत अग्रस्थानी होती.

‘अनदर वर्ल्ड’ आणि नंतर

४ मे १९६४ रोजी विल्यम बेल यांच्यासह रचलेली ‘अनदर वर्ल्ड’ एनबीसीवर सुरू झाली. अविवाहित तरुणीचा बेकायदेशीर गर्भपात हा विषय तिच्यात पहिल्याच वर्षी हाताळण्यात आला. तेव्हा दुपारच्या मालिकेत असा विषय येणे हे धाडस होते. याच काळात ‘पेटन प्लेस’ या रात्रीच्या मालिकेसाठी फिलिप्स सल्लागार होत्या.

१९६७ मध्ये त्यांनी सीबीएससाठी ‘लव्ह इज अ मेनी स्प्लेंडर्ड थिंग’ निर्माण केली. आशियाई आणि अमेरिकन आईबापांची कन्या मिया आणि एक गोरा डॉक्टर यांचे प्रेम हे तिचे सूत्र होते. वाहिनीने ही कथा पुढे नेण्यास हरकत घेतली. तेव्हा फिलिप्स यांनी तडजोड न करता आपल्याच मालिकेचा राजीनामा दिला.

अखेरची वर्षे

१९७० च्या दशकाच्या आरंभी फिलिप्स पुन्हा ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’च्या लेखनाकडे वळल्या. १९७२ मध्ये त्यांनी किम रेनॉल्ड्स हे पात्र आणले. कॅथरिन हेज यांनी साकारलेली ही स्वतंत्र वृत्तीची स्त्री फिलिप्स यांनी स्वतःवरून बेतली होती. किमचे बहिणीच्या पतीशी, म्हणजे डॉ. बॉब ह्यूज यांच्याशी, संबंध येतात आणि तिला दिवस जातात. हे मूल एकटीने वाढविण्याचा निर्धार ती करते. तरुणपणी आपल्या वाट्याला न आलेली अखेर लेखिका येथे आपल्या पात्राला देऊ पाहत होती, असे या कथानकाकडे पाहता येते. परंतु सालस म्हणून ओळखला जाणारा बॉब असा वागलेला प्रेक्षकांना रुचला नाही. लोकप्रियता घसरली आणि १९७३ मध्ये प्रायोजकांनी फिलिप्स यांना लेखनातून दूर केले. पुढे कथेत किमचे मूल जगले नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात शिकागो येथे त्यांचे निधन झाले.

शिष्यपरंपरा आणि वारसा

फिलिप्स यांच्या हाताखाली तयार झालेल्या लेखकांनी हा प्रकार पुढे नेला. अॅग्नेस निक्सन यांनी ‘वन लाइफ टू लिव्ह’ (१९६८) आणि ‘ऑल माय चिल्ड्रन’ (१९७०) निर्माण केल्या. विल्यम बेल यांनी पत्नी ली फिलिप बेल यांच्यासह ‘द यंग अँड द रेस्टलेस’ (१९७३) आणि ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ (१९८७) रचल्या. यांपैकी शेवटची मालिका उपग्रह वाहिन्यांच्या आरंभीच्या काळात भारतातही पाहिली गेली.

‘द गायडिंग लाइट’ नभोवाणी व दूरचित्रवाणी मिळून ७२ वर्षे चालून सप्टेंबर २००९ मध्ये संपली. ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’चा शेवटचा भाग १७ सप्टेंबर २०१० रोजी प्रसारित झाला. जिच्यामुळे फिलिप्स यांना आपली मालिका गमवावी लागली ती किम तोपर्यंत बॉबची पत्नी आणि ह्यूज घराण्याची आधारस्तंभ झाली होती. कॅथरिन हेज यांनीच ती अखेरपर्यंत साकारली. नॅन्सीच्या सुप्रभाताने सुरू झालेल्या या मालिकेची सांगता डॉ. बॉब ह्यूज यांनी घेतलेल्या शुभरात्रीच्या निरोपाने झाली.