नाना शंकरशेट आणि आगगाडीची तिकिटे

नंदिगड्डे गावी आगगाडी येत नाही. जोयडा तालुक्याच्या गोव्याकडील हद्दीवर कॅसलरॉक स्टेशन आहे आणि तेथून घाट उतरून गाड्या गोव्यात जातात. पण आमचे गाव आणि ते रूळ यांच्यामध्ये पुष्कळ रान आहे. त्यामुळे आगगाडी मला बहुतेक भेटते ती पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात. मी आगगाडीची तिकिटे जमवतो. प्रवासाची नव्हेत, टपालाची. आपल्या भाषेने दोहोंना एकच शब्द दिला आहे, आणि ज्या गृहस्थांविषयी आज लिहावयाचे आहे त्यांच्या आयुष्यात ही दोन्ही तिकिटे अवघ्या दीड वर्षाच्या अंतराने आली. मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुटली, आणि साऱ्या हिंदुस्थानात चालणारे अर्ध्या आण्याचे टपाल तिकीट १८५४ च्या ऑक्टोबरात निघाले.

हे गृहस्थ म्हणजे नाना शंकरशेट. आडनाव मुरकुटे, ज्ञाती दैवज्ञ, जन्म ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचा, १० फेब्रुवारी १८०३ चा. वडिलांच्या पश्चात तरुण वयातच पेढीचा भार त्यांच्या अंगावर आला आणि तो त्यांनी अशा चोखपणे वाहिला की, अरब आणि अफगाण व्यापारीही आपला ऐवज बँकेपेक्षा नानांच्या हवाली करणे पसंत करीत. पण पैसा मिळविणारे शेटजी मुंबईत तेव्हाही पुष्कळ होते. नानांचे वेगळेपण ते पैसा कोठे घालीत यात आहे. एल्फिन्स्टन विद्यालयाच्या उभारणीत ते होते, सरकारच्या शिक्षण मंडळावर ते अनेक वर्षे बसले, मुलींची शाळा भरविण्यास त्यांनी आपल्या वाड्यात जागा दिली. मुलींना शिकविणे हेच पाप मानणाऱ्या काळातली ही गोष्ट आहे. ग्रँट रोडवरचे नाटकगृह त्यांनी दिलेल्या जागेवर उभे राहिले, आणि तेथेच १८५३ साली आपल्या सांगलीच्या विष्णुदास भाव्यांच्या मंडळीने मुंबईकरांना मराठी नाटक दाखविले. म्हणजे ज्या वर्षी मुंबईने पहिली गाडी पाहिली, त्याच वर्षी सांगलीचे नाटकही पाहिले. आणि दोन्हींच्या मुळाशी नानांचा हात होता. सांगलीकरांनी हे ध्यानात ठेवावे असे मला नेहमी वाटते.

आगगाडीचा विचार मुंबईत १८४५ च्या सुमारास जोर धरू लागला. विलायतेत रूळ पडून तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. नानांनी जमशेटजी जीजीभाईंबरोबर इंडियन रेल्वे असोसिएशन काढली. पुढे हे काम ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या कंपनीत मिळाले आणि १८४९ साली पार्लमेंटच्या कायद्याने ती कंपनी रीतसर उभी राहिली. तिच्या संचालकांत हिंदी माणसे दोनच, जमशेटजी आणि नाना. पहिली गाडी बोरीबंदराहून दुपारी साडेतीनच्या सुमारास सुटली तेव्हा तिला चौदा डबे आणि साहेब, सिंध व सुलतान अशी तीन इंजिने होती. चारशेच्या आसपास निमंत्रित आत बसले होते आणि एकवीस तोफांची सलामी झाली. अंतर एकवीस मैल. बोरघाटातून लोहमार्ग पार व्हावयास १८६३ साल उजाडले. तोही दिवस नानांनी पाहिला; ते ३१ जुलै १८६५ रोजी वारले.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण चरित्रकार ती बहुधा गाळतात. या कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती, आणि तोटा आला तर तो भरून निघावयाचा तो या देशातल्या रयतेच्या करांतून. वऱ्हाड-खानदेशाचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी बंदरावर पोहोचविणे हाही त्या रुळांचा उघड हेतू होता. नाना व्यापारी होते. त्यांना हा हिशेब कळत नव्हता असे मानणे म्हणजे त्यांचा अपमान करणे होय. तरी त्यांनी रूळ मागितले. माझा तर्क असा की, ज्या दृष्टीने त्यांनी शाळा मागितली त्याच दृष्टीने गाडीही मागितली: आधी वस्तू आपल्या दारी येऊ द्यावी, मग तिच्या मालकीचे भांडण करावे. ते भांडणही त्यांनी पुढच्या पिढीवर सोडले नाही. १८५२ साली बॉम्बे असोसिएशन स्थापून कंपनी सरकारच्या कारभाराविरुद्ध पार्लमेंटकडे अर्ज धाडण्यात ते पुढे होते.

आता माझ्या वहीकडे वळतो. १९३७ साली सहाव्या जॉर्जच्या मालिकेत टपाल वाहणाऱ्या साधनांची चित्रे आली. दोन आण्यांवर हरकारा, चार आण्यांवर मेलगाडी. ते काही स्मारक तिकीट नव्हे. खरे स्मारक तिकीट १६ एप्रिल १९५३ चे, शताब्दीचे, दोन आण्यांचे. त्यावर १८५३ चे आणि १९५३ चे अशी दोन इंजिने आहेत, माणूस नाही. दोन आणे म्हणजे त्या काळचा साध्या पत्राचा दर. त्यामुळे हे तिकीट लग्नपत्रिकांवर लागले, मृत्यूच्या वार्तांवरही लागले. १९७६ साली चार इंजिनांची मालिका निघाली, त्यांत दोन रुपयांच्या तिकिटावर पुन्हा ते पहिले इंजिन. जमशेटजींना त्यांच्या मृत्यूच्या शताब्दीस, १९५९ साली, पंधरा नव्या पैशांचे तिकीट मिळाले आणि ते योग्यच झाले. नानांची शताब्दी १९६५ त आली. त्या वर्षी त्यांच्यासाठी तिकीट निघाले नाही. ते निघाले १९९१ साली, आणि त्यावर नानांच्या सोबत बोरीबंदरची मध्य रेल्वेची इमारत आहे. ती इमारत नानांच्या मागे वीस-बावीस वर्षांनी पुरी झाली, हा चित्रकाराचा विनोद नव्हे. आज तिच्यावाचून आगगाडी सुचत नाही, एवढेच.

जाणते संग्राहक कोरे तिकीट जपतात. मी नानांचे कोरे एकच ठेवले. उरलेली पत्रांना लावून टाकली, कारण गाडी आणि टपाल या दोन्ही वस्तू चालविण्यासाठी आहेत. त्यांतले एक पाकीट एका स्नेह्याने मला परत धाडले. शिक्का नेमका पगडीवर बसला आहे आणि बाजारात त्याला कवडीही येणार नाही. गावातली मुले वही पाहावयास येतात तेव्हा इंजिनांची पाने भराभर उलटतात आणि या पगडीवाल्यापाशी थांबून हा गार्ड की ड्रायव्हर असे विचारतात. म्हणून हल्ली सालवारीचा नियम मोडून मी एक पान निराळे केले आहे: वर १९५३ ची दोन इंजिने, त्यांच्याखाली जमशेटजी, आणि जमशेटजींच्या शेजारी, शिक्क्यासकट, नाना.