अब्राहाम-लुई ब्रेगे: नवे घडवणारा, जुने जपणारा घड्याळजी

स्वित्झर्लंडचे नाव घेतले की बर्फाची शिखरे आठवतात आणि त्यापाठोपाठ घड्याळे. लाखो रुपये किमतीची, हाताने घडवलेली स्विस घड्याळे आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असतील. विकत घेण्याचा तर प्रश्नच नाही. मात्र त्या घड्याळांच्या जाहिरातींत दोन शब्द हटकून आढळतात. एक परंपरा आणि दुसरा नवा शोध. हे दोन शब्द एकत्र कसे नांदतात हा प्रश्न केवळ घड्याळजींचा नाही. घरात, शाळेत, मंडळीत, जेथे जेथे जुनी पिढी नव्या पिढीच्या हाती काही सोपवते तेथे तेथे तो उभा राहतो. एका माणसाने हा प्रश्न भाषणांनी नव्हे, तर हातातल्या कामाने सोडवला. त्याचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

स्विस घड्याळांचा धंदा आणि धर्मसुधारणेचा इतिहास यांचा जवळचा संबंध आहे. सोळाव्या शतकात जॉन कॅल्विन यांच्या शिकवणुकीखाली जिनीव्हा शहरात दागदागिन्यांच्या डामडौलावर निर्बंध आले आणि सोनारांचे कसबी हात दुसरे काम शोधू लागले. त्याच काळात फ्रान्समधील छळामुळे देश सोडून आलेले प्रॉटेस्टंट, ज्यांना ह्युगेनॉट म्हणत, त्या शहरात आश्रय घेत होते. त्यांच्यापैकी कित्येकांना घड्याळे करण्याची विद्या अवगत होती. सोनाराचे कसब आणि आश्रिताची विद्या यांची सांगड पडली. १६०१ साली जिनीव्हात घड्याळजींचा संघ स्थापन झाला. पुढे १६८५ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाने प्रॉटेस्टंटांना मर्यादित धर्मस्वातंत्र्य देणारा नान्तचा हुकूम रद्द केला आणि निर्वासितांचा मोठा लोंढा पुन्हा सीमेपलीकडे गेला. ब्रेगे हे घराणे असेच मूळचे फ्रेंच प्रॉटेस्टंट. ते स्वित्झर्लंडच्या बाजूला, नशातेल येथे स्थायिक झाले होते.

तेथे १० जानेवारी १७४७ रोजी अब्राहाम-लुई यांचा जन्म झाला. ते अकरा वर्षांचे असताना वडील वारले. आईने पुन्हा लग्न केले. सावत्र वडील जोझेफ तात्ते यांच्या घराण्यात घड्याळांचा धंदा होता व पॅरिसमध्ये त्यांची पेढी होती. शाळेत विशेष न रमलेला हा मुलगा त्यांच्या हाताखाली चाकांशी आणि कमानींशी खेळू लागला. १७६२ साली, पंधरा वर्षांच्या वयात, त्याला फ्रान्सला नेऊन व्हर्साय येथील एका घड्याळजीकडे उमेदवारीस ठेवले. ज्या देशातून पूर्वजांना निघावे लागले त्याच देशात हा मुलगा पोट भरण्यासाठी परतला. तेव्हा फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंटांना कायद्याची मान्यता नव्हती. आपले जन्म, विवाह व मृत्यू सरकारदरबारी नोंदवण्याचा हक्क त्यांना १७८७ साली मिळाला.

दिवसभर काम करून अब्राहाम-लुई संध्याकाळी पॅरिसच्या माझारॅं महाविद्यालयात गणित शिकायला जात. तेथील अध्यापक आबे मारी हे कॅथलिक धर्मगुरू होते. या होतकरू प्रॉटेस्टंट मुलावर त्यांनी मनापासून माया केली, त्याला गणित शिकवले आणि पुढे दरबारातील मोठ्या लोकांशी त्याची ओळख करून दिली. हाताच्या कसबाला गणिताची जोड मिळाली ती अशी.

१७७५ साली ब्रेगे यांचे लग्न झाले. त्याच वर्षी त्यांनी पॅरिसमध्ये, सीन नदीतील बेटावर, घड्याळाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धक्क्यावर स्वतःचे दुकान मांडले. संसारसुख मात्र फार काळ लाभले नाही. १७८० साली पत्नी निवर्तली. अंत्वान-लुई हा मुलगा तेवढा मागे राहिला. ब्रेगे यांनी पुन्हा लग्न केले नाही. मुलगा आणि काम या दोहोंत त्यांनी उरलेले आयुष्य घातले.

त्यांच्या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. नवे काहीतरी करून लोकांना चकित करावे असा त्यांचा हेतू नसे. घड्याळात खोट कोठे आहे ते ते आधी पाहत आणि मग त्यावर उपाय शोधत. घड्याळाला रोज किल्ली द्यावी लागे आणि माणूस विसरे. म्हणून त्यांनी आत एक झुलते वजन बसवले. धनी चालू लागला की वजन हलावे आणि घड्याळाला आपोआप चावी मिळावी. अशी घड्याळे करण्याचा प्रयत्न स्वित्झर्लंडमध्ये आधीच झाला होता. ब्रेगे यांनी १७८० च्या सुमारास तो भरवशाचा केला. रात्री अंधारात वेळ कळावी म्हणून ठोके देणारी घड्याळे असत. पण त्यांतील घंटेमुळे घड्याळ जाडजूड होई. १७८३ साली त्यांनी घंटेऐवजी वळवलेली तार बसवली. घड्याळ पातळ झाले आणि नादही गोड झाला. घड्याळ हातातून पडले की आतील चाकाचा नाजूक आस मोडे. १७९० साली त्यांनी त्या आसाला लवचीक आधार दिला. भर बैठकीत त्यांनी घड्याळ जमिनीवर आपटून ते चालूच असल्याचे दाखवले, असे सांगतात.

१७८३ सालीच त्यांच्याकडे एक विलक्षण मागणी आली. राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी, त्या काळी ठाऊक असलेली प्रत्येक करामत ज्यात असेल असे घड्याळ करावे, शक्य तेथे इतर धातूंऐवजी सोने वापरावे, आणि किंमत व मुदत या दोहोंची मर्यादा नसावी, अशी ती मागणी होती. राणीच्या रक्षक दलातील एका अधिकाऱ्याने ती दिली असे म्हणतात. हे ब्रेगे यांचे १६० क्रमांकाचे घड्याळ. त्याची हकीकत पुढे येईलच.

१७८९ साली राज्यक्रांती झाली. राजाराणीसाठी घड्याळे करणारा माणूस संशयाच्या फेऱ्यात येणारच. येथे एक जुना स्नेह कामी आला. क्रांतीचा जहाल पुढारी झां-पॉल मारा हा नशातेलजवळच जन्मलेला, ब्रेगे यांचा ओळखीचा. एकदा चिडलेल्या जमावाने माराला घेरले असता ब्रेगे यांनी त्याला म्हातारीचा वेष देऊन, हाताला धरून सुखरूप बाहेर काढले होते अशी आख्यायिका आहे. आता माराने त्यांना देश सोडण्याचा परवाना मिळवून दिला. १७९३ च्या उन्हाळ्यात ब्रेगे पॅरिसमधून निघाले. त्याच वर्षी जुलैत माराचा खून झाला आणि ऑक्टोबरात राणीचा शिरच्छेद.

पूर्वजांप्रमाणे ब्रेगेही फ्रान्समधून जीव वाचवून स्वित्झर्लंडला आले. जिनीव्हा, नशातेल आणि मग डोंगरातील ल लोक्ल हे घड्याळजींचे गाव, अशी त्यांची भटकंती झाली. वय सेहेचाळीस, धंदा बुडालेला, गिऱ्हाइके पांगलेली. या दिवसांत त्यांनी हात जोडून बसणे पत्करले नाही. मोजके कामगार घेऊन छोटी कर्मशाळा चालवली आणि आराखडे काढले. १७९५ साली ते पॅरिसला परतले तेव्हा दुकानाची दुर्दशा झाली होती, पण मनात कल्पनांचा साठा होता.

आता राजवाड्यातील गिऱ्हाईक उरले नव्हते. ब्रेगे यांनी साधे, मोठ्या तबकडीचे, एकाच काट्याचे घड्याळ काढले. मागणी नोंदवताना किमतीचा चौथा हिस्सा द्यायचा, उरलेली रक्कम घड्याळ हाती आल्यावर. आगाऊ रकमेतून माल घ्यायचा आणि एकसारखी घड्याळे करायची. यामुळे भाव उतरला आणि धंदा सावरला. मात्र नावाबरोबर नकलाही वाढल्या. त्यांच्या नावाची खोटी घड्याळे बाजारात फिरू लागली. तेव्हा त्यांनी तबकडीवर इतकी सूक्ष्म सही कोरण्याची युक्ती काढली की ती तिरप्या उजेडातच दिसावी. प्रत्येक घड्याळाला क्रमांक असे आणि कोणते घड्याळ कोणाला विकले याची नोंद वह्यांत असे. त्या वह्या आजही जपलेल्या आहेत.

२६ जून १८०१ रोजी त्यांना ज्या शोधाचे पेटंट मिळाले त्याचे नाव तूर्बियों. खिशातील घड्याळ दिवसभर उभे असते. त्यातील मागेपुढे डुलणाऱ्या चक्राचे वजन एका बाजूला किंचित जरी अधिक असले तरी पृथ्वीच्या ओढीने घड्याळ पुढे किंवा मागे जाते. ब्रेगे यांनी ते चक्र आणि त्याची सोबतची यंत्रणा एका छोट्या पिंजऱ्यात बसवली आणि तो पिंजराच फिरता ठेवला. एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूला भरून निघावी, ही कल्पना. काम इतके अवघड की अशी घड्याळे त्यांच्या कारखान्यातून चाळिसाहून कमीच बाहेर पडली.

त्यांपैकी एकाची हकीकत आम्हांला या चरित्राचा गाभा वाटते. लंडनचे जॉन आर्नल्ड हे त्या काळचे थोर घड्याळजी. जहाजांवरील अचूक घड्याळांत त्यांचा हातखंडा होता. वास्तविक ते ब्रेगे यांचे प्रतिस्पर्धी. पण दोघे मित्र झाले आणि दोघांनी एकमेकांचे मुलगे शिकायला ठेवून घेतले. कसबाची गुपिते लोखंडी पेटीत ठेवण्याच्या त्या काळात ही मोठीच गोष्ट होती. १७९९ साली आर्नल्ड वारले. १८०८ साली ब्रेगे यांनी आर्नल्ड यांच्या हातचे एक जुने घड्याळ घेतले, त्यात स्वतःचा पहिला तूर्बियों बसवला, दिवंगत मित्राला आदरांजली म्हणून त्यावर लेख कोरला आणि ते त्यांच्या मुलाला भेट दिले. त्या वर्षी फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात घनघोर युद्ध चालू होते. आपला सर्वांत नवा शोध ब्रेगे यांनी शत्रुराष्ट्रातील मित्राच्या जुन्या घड्याळात बसवला. ते घड्याळ आज लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे.

कामगारांशी त्यांचे वागणे असेच मोकळे होते. कामगाराने आणलेल्या बिलाच्या शेवटी शून्य असले आणि काम मनासारखे असले, तर ते त्या शून्याला खाली शेपूट काढून इंग्रजी नऊचा आकडा करीत आणि तितके पैसे अधिक देत, असे सांगतात. उतारवयात त्यांना ऐकू कमी येऊ लागले, तरी कामावरचे लक्ष ढळले नाही. १८१५ साली ते फ्रेंच आरमाराचे घड्याळजी झाले. हा केवळ मान नव्हता. समुद्रात रेखांश घड्याळावरून काढीत. विषुववृत्तावर ४ सेकंदांची चूक म्हणजे सुमारे १ सागरी मैलाची चूक. खलाशांचे प्राण त्या काट्यांवर अवलंबून असत. १८१६ साली विज्ञान अकादमीचे सभासदत्वही मिळाले. १७ सप्टेंबर १८२३ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

राणीचे घड्याळ तेव्हाही अपुरे होते. मागणी ज्यांच्यासाठी होती ती राणी तीस वर्षांपूर्वीच गेली होती. हिशेबाने पाहिले तर ते काम सोडून द्यायला हरकत नव्हती. पण कारखान्याने ते चालू ठेवले आणि १८२७ साली, चव्वेचाळीस वर्षांनी, पुरे केले. १९८३ साली जेरुसलेममधील संग्रहालयातून ते चोरीला गेले. त्याचा पत्ता नसताना, ब्रेगे यांच्या नावाच्या कंपनीने जुनी चित्रे व कागद अभ्यासून त्याची प्रतिकृती करायला घेतली आणि २००८ साली ती लोकांपुढे ठेवली. तोवर मूळ घड्याळही सापडले होते. २००७ साली ते परत मिळाल्याचे जाहीर झाले.

ब्रेगे यांचा वारसा रक्ताच्या नात्यानेच चालला असेही नाही. मुलानंतर नातू लुई-क्लेमां यांचे मन तारायंत्रात व विजेच्या उपकरणांत रमले. १८७० साली घड्याळांचा कारखाना एडवर्ड ब्राउन या तेथल्याच मुख्य कारागिराच्या हाती गेला आणि त्यांच्या घराण्याने तो शंभर वर्षे सांभाळला. मग संकट आले. १९६९ च्या अखेरीस जपानने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ बाजारात आणले. स्वस्त आणि अधिक अचूक घड्याळांपुढे स्विस कारखाने एकामागून एक बंद पडले. १९७० च्या सुमारास या धंद्यात सुमारे ९०,००० माणसे होती. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत ती जेमतेम ३०,००० च्या घरात आली. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या चाके कातली त्यांच्या घरी बसण्याची पाळी आली. पुढे हा धंदा पुन्हा उभा राहिला तो बराचसा जुन्या कसबाच्या बळावर. १९९९ साली ब्रेगे कंपनी स्वॉच समूहाने घेतली. आज तिची कर्मशाळा स्वित्झर्लंडच्या झू खोऱ्यात आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्हांला योग्य वाटते. आज तूर्बियों असलेली घड्याळे अफाट किमतीला विकली जातात. पण मनगटावरचे घड्याळ हाताबरोबर सतत फिरत असल्याने त्याला या यंत्रणेची फारशी गरज नसते, आणि काही शे रुपयांचे क्वार्ट्झ घड्याळ त्याहून अचूक वेळ दाखवते. ब्रेगे यांनी जो उपाय म्हणून शोधला तो आज बहुतांशी शोभेचा झाला आहे. त्यातील कसब खरे आहे, त्याचा आदर व्हावा. परंतु वारसा म्हणजे वडिलांची वस्तू तशीच मिरवणे नव्हे. आकार राहिला आणि हेतू गेला, असे घड्याळांच्या बाबतीत घडू शकते, तसे इतर पुष्कळ गोष्टींत घडू शकते.

वाचकहो, ब्रेगे यांनी मागे ठेवलेले धन आम्हांला त्यांच्या तीन सवयींत दिसते. खोट दिसली की ती झाकायची नाही, दुरुस्त करायची. आपली विद्या दुसऱ्याच्या मुलालाही द्यायची. आणि घेतलेले काम, ते मागणारा उरला नाही तरी, पुरे करायचे. यांना पेटंट नाही, आणि यांसाठी श्रीमंत असण्याचीही गरज नाही. आपल्या वडीलधाऱ्यांनी ज्या हेतूने एखादी गोष्ट आपल्या हाती दिली तो हेतू आपण जपतो की नुसता तिचा आकार, एवढे प्रत्येकाने आपल्याशी तपासून पाहावे.