पदापेक्षा विवेक मोठा



चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड जिल्ह्यातील नाते या गावी झाला. आय.सी.एस. परीक्षेत ते पहिले आले आणि मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारी सेवेत रुजू झाले. आपला गडचिरोली-चांदा भाग तेव्हा याच प्रांतात होता. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले व १९५० साली देशाचे अर्थमंत्री.

जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. लोक रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात अनेकांचे प्राण गेले. हा निर्णय मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता झाला आणि गोळीबाराची चौकशीही होत नाही, अशी चिंतामणरावांची तक्रार होती. मंत्रिमंडळाच्या निर्णयाची जबाबदारी प्रत्येक मंत्र्यावर येते. न पटलेल्या निर्णयाचे ओझे घेऊन खुर्चीवर बसण्यापेक्षा त्यांनी राजीनामा दिला. जुलैमध्ये ते पायउतार झाले.

त्यानंतर त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे काम सांभाळले. मोठ्या पदांवरील भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासायला स्वतंत्र न्यायाधिकरण हवे, अशी मागणी त्यांनी १९५९ साली केली. तेव्हा ती मान्य झाली नाही. लोकपाल कायदा २०१३ साली झाला. चिंतामणराव २ ऑक्टोबर १९८२ रोजीच निवर्तले होते.

पद ही लोकांनी सोपवलेली ठेव आहे. आपल्यापैकी कोणी बचत गटाचा हिशेब ठेवतो, कोणी ग्रामसभेत सही करतो. सही करण्यापूर्वी क्षणभर थांबून स्वतःला विचारू या: लोकांनी उद्या जाब विचारला, तर मला उत्तर देता येईल का?