दुसरे सरफोजी भोसले

दुसरे सरफोजी भोसले (जन्म : २४ सप्टेंबर १७७७, मृत्यू : ७ मार्च १८३२) हे तंजावरच्या मराठी राजघराण्यातील राजे व विद्याव्यासंगी होते. तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले. ख्रिस्ती धर्मप्रचारक श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १७९८ मध्ये ते गादीवर आले. पुढच्याच वर्षी कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला व त्यांची सत्ता तंजावरच्या किल्ल्यापुरती उरली.

नेत्रचिकित्सा

वैद्यकाच्या अभ्यासासाठी सरफोजींनी धन्वंतरी महाल ही संस्था चालवली. मोतीबिंदूसह अन्य नेत्रविकारांच्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी ठेवल्या आणि त्यांच्या डोळ्यांची चित्रे काढून घेतली. त्या काळी मोतीबिंदूने गढुळलेले भिंग बाजूला सारले किंवा काढले जाई. त्याच्या जागी दुसरे बसवण्याचा उपाय नव्हता. त्यामुळे दृष्टी परतली, तरी स्पष्ट दिसण्यासाठी जाड भिंगांचा चष्मा लागे. डोळ्यात कृत्रिम भिंग प्रथम हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनमध्ये १९४९ साली बसवले. चष्म्याची गरज आणखी कमी करणारी बहुकेंद्री भिंगे त्यानंतर आली. सरफोजींच्या नेत्ररुग्णांच्या नोंदी व चित्रे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाली आहेत.